सहायक अभिनेत्री : दहापैकी तीन

वर्तमानपत्र मी उभ्यानंच उघडलं, वाचनालयाच्या दारात. कुलूप काढलेलं, झाडलोट व्हायची होती. मराठी चित्रपट पुरस्कारांची नामांकनं त्या दिवशी येणार हे आठवडाभर आधी कळलं होतं, त्यामुळे पेन्सिल तयार होती. सर्वोत्कृष्ट चित्रपट, ठीक. दिग्दर्शक, तीनपैकी दोन ठीक. अभिनेता, तिघंही नेहमीचे. मग सहायक अभिनेत्री. पहिलं नाव अपेक्षेप्रमाणे. दुसरं वाचलं आणि आत जाऊन खुर्चीवर बसले.

ते नाव आमच्या तिसगावातल्या मुलीचं होतं.

मला चौथीत शिकवलेल्या बाईंची ती एकुलती एक लेक. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पुण्याला डी.एड.ला गेली, ते अर्धं टाकून नाटकात गेली आणि नाटकातून सिनेमात, एवढं गावाला ठाऊक होतं. बाई त्यावर अवाक्षर काढत नसत. चार वर्षं त्या लेकीशीही बोलत नव्हत्या.

गावातल्या मुलीचं नाव असं छापून आल्यावर कुणीही आधी आनंदानं ओरडलं असतं. मी कपाटातून सिनेमांची वही काढली.

ही वही मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरू केली. नव्वद सालानंतर दिवाळी झाली की बाजारतळामागच्या मोकळ्या जागेत सिनेमाचा तंबू लागायला लागला, तेव्हापासून ती भराभर भरत गेली. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाला एक पान. वर क्रमांक आणि तारीख. मग सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर जे सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं त्यावरून लांबी आणि रिळांची संख्या. बॅटरीच्या उजेडात मी ती टिपून घ्यायचे. शेजारच्या बायका हसायच्या. खाली कथा, गाणी, मुख्य कामं, सहायक कामं यांना दहापैकी गुण आणि शेवटी एक ओळ शेरा. नियम एकच होता : पाहिलेला सिनेमा पुन्हा पाहायचा नाही. तेवढ्या वेळात न पाहिलेला एक होतो.

तो सिनेमा मी तंबूत पंधरा दिवसांपूर्वीच पाहिला होता. बाईंच्या लेकीनं त्यात थोरल्या जावेचं काम केलं होतं. माझं पान असं होतं : ‘सहायक (थोरली जाऊ) : ३. दोनच प्रसंग. पहिल्यात भाकरी थापते, दुसऱ्यात एकदम विधवा होऊन पारावर बसलेली. मधे काय झालं कळत नाही. पात्र लेखकानं वाऱ्यावर सोडलं आहे.’

तीन गुण देताना हात जड झाला होता हेही मला आठवत होतं. आपल्या गावची म्हणून एखादा वाढवावा असं मनात आलं होतं, पण मग वहीला अर्थ राहिला नसता.

आणि आता या तीन गुणांना नामांकन! मला धक्का बसला तो खरोखरीचा. परीक्षक काय बघून बसतात? पहिल्या नामांकनातल्या बाईंनी खाष्ट आत्या केली होती. भुवया फार उडवतात, पण वेळ अचूक साधतात, सात. तिसरीनं आंधळ्या मुलीचं काम केलं होतं. आंधळ्याचं काम केलं की नामांकन येतंच, हा माझा जुना अनुभव, सहा. आणि ज्या नटीला मी वर्षातले सगळ्यात जास्त म्हणजे नऊ गुण दिले होते, सरकारी दवाखान्यातली परिचारिका करणारी, तिचं नाव यादीत नव्हतंच. मी वर्तमानपत्र उलटून पाहिलं, पुढच्या पानावर राहिलं असेल म्हणून. नव्हतं.

दर वर्षी नामांकनं आली की मी एक कागद वाचनालयाच्या फलकावर लावायचे. विभागवार नावं, माझे गुण, ‘कुणाला मिळावं’ आणि ‘कुणाचं नाव यायला नको होतं’. सकाळी पेपर वाचायला येणारे त्यावर तासभर भांडायचे आणि त्या निमित्तानं चार नवे सभासद व्हायचे. त्या वर्षीही लावला. ‘यायला नको होतं’ या रकान्यात मी बाईंच्या लेकीचं नाव लिहिलं. पुढे कारण : काम तीन मिनिटांचं, त्यातही सांधा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आल्या.

बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. रविवारी विहारात मुलांचे वर्ग घ्यायच्या आणि एरवी दर बुधवारी एक पुस्तक बदलून न्यायच्या. त्या दिवशी बुधवार नव्हता. फलक दारातच होता, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि पिशवीतून एक पाकीट काढलं.

“वाच.”

लेकीचं पत्र होतं, चार ओळींचं, आणि सोबत पुण्यातल्या पुरस्कार सोहळ्याचे दोन पास. सोहळा पुढच्या महिन्याच्या पहिल्याच रविवारी होता. ‘आई, ये. मिळेल न मिळेल, तू समोर बसलेली हवीस. एवढं एकदा ये, पुन्हा काही मागणार नाही.’

“मी सिनेमा पाहत नाही,” बाई म्हणाल्या. “तू सगळे बघतेस आणि लिहून ठेवतेस. म्हणून तुला विचारायला आले. काम कसं केलंय तिनं?”

“बाई, तुम्ही जाणार आहात का?”

“ते तुझ्या उत्तरावर आहे.” त्या बसल्या. “माझ्या सासऱ्यांनी छप्पन्न साली हलगी फोडली. दुसऱ्याच्या दारात वाजवायचं नाही, नाचायचं नाही, असं ठरवून फोडली. ती पोरगी नाटकात गेली तेव्हा मला ते आठवलं. माझं चुकलं असेल. आता नामांकन आलंय, म्हणजे मोठ्या लोकांनी काहीतरी पाहिलं असेल. खरंच चांगलं काम असेल तर मी जाऊन बसेन, आणि तिला सांगेन की माझं चुकलं. पण उगीच चेहरा दाखवलाय आणि कुणीतरी दया म्हणून नाव घातलंय, असं असेल तर मी टाळ्या वाजवायला जाणार नाही. खरं सांग. वाढवून सांगू नकोस.”

वाढवून सांगायचं नाही हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि शेरा शेवटपर्यंत वाचला.

नेमके त्याच वेळी आप्पा आत आले. आप्पांचं खताचं दुकान होतं आणि फलकावर दररोज एक टोमणा मारल्याशिवाय ते घरी जात नसत. बाई पाठमोऱ्या होत्या. आप्पांनी त्यांना पाहिलं की नाही कोण जाणे.

“ओ ताई, तीनच मार्क दिले आन् नाव तर हाय यादीत! मग नामांकन बी आता कोट्यातनं द्याया लागले, व्हय?”

बाई उठल्या. वही बंद करून नीट माझ्यापुढे सरकवली, चष्मा घडी केला आणि आप्पांच्या शेजारून, त्यांना धक्का न लागू देता, बाहेर पडल्या. आप्पांचा चेहरा पडला. “मला काय म्हाईत त्या हितं हाईत,” ते म्हणाले.

“नसत्या तर चाललं असतं का?” मी म्हणाले. पण ते बाई दिसेनाशा झाल्यावर म्हणाले. आधी म्हणायला हवं होतं.

चौथ्या दिवशी पोस्टात बाई भेटल्या. रजिस्टर पाकीट करत होत्या. पास परत पाठवत होत्या. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाल्या, “तू खरं सांगितलंस. बरं केलंस.”

मी घरी येऊन पोळ्या केल्या आणि दोन करपवल्या.

तो सिनेमा मी पुन्हा पाहिला याला कारण माझी वहिनी. भावाचं बिऱ्हाड नगरला होतं. वाचनालयासाठी पुस्तकं आणायला मी वर्षातून दोनदा नगरला जायचे, तशी त्या आठवड्यात गेले. जेवताना मी नामांकनांचं सगळं पुराण लावलं. थोरल्या जावेचे तीन गुणही सांगितले. वहिनी वाढता वाढता थांबली.

“वन्सं, काहीतरीच काय! तीन? अहो, ती कचेरीत बसलेली असते ना, तेव्हा अख्खं थेटर रडत होतं. माझा तर पदर भिजला.”

“कुठली कचेरी?”

“सिनेमातली. तिचा नवरा जातो आणि मग ती अर्ज घेऊन...”

“तो दुसरा सिनेमा असेल. या सिनेमात कचेरी नाही.”

“नाही कशी?”

“वहिनी, माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

“तुमच्याकडे लिहिलेलं असेल, मी डोळ्यांनी बघितलंय! अजून लागलाय तो, दुपारचा खेळ आहे. चला, आत्ता चला. कचेरी नसली तर पुढच्या खेपेला पुरणपोळी मी करते.”

एक सिनेमा एकदाच, हा नियम मी वहिनीला समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि रिक्षाला हात केला.

मध्यंतरापर्यंत सगळं माझ्या वहीसारखंच चाललं. भाकरी, भांडण, विहिरीचं गाणं. मी वहिनीकडे विजयानं पाहत होते. विहिरीच्या कामावर दरड कोसळते तिथे तंबूत लगेच पाराचा प्रसंग आला होता. मी म्हणाले, “आता ती पारावर बसलेली दिसेल, बघ.”

पारावर नव्हती. पडद्यावर एक लांबलचक व्हरांडा आला, भिंतीला लागून बाक, आणि बाकाच्या टोकाला ती बसलेली, मांडीवर रुमालात बांधलेले कागद. साहेबाच्या खोलीचं दार उघडलं. ती अर्धी उठली. शिपाई बाहेर आला आणि निघून गेला. ती बसली. दार पुन्हा उघडलं, पुन्हा अर्धी उठली. एक शब्द नाही. तिसऱ्या वेळी कुणीतरी हसलं. सहाव्या वेळी सगळं थिएटर गप्प होतं. मी मोजत होते, कारण मोजल्याशिवाय मला राहवत नाही. अकरा वेळा. अकराव्या वेळी ती उठलीच नाही, आणि नेमका साहेब बाहेर आला.

मी घड्याळ पाहिलं होतं. पारापर्यंत यायला अठरा मिनिटं लागली. अठरा मिनिटांत ती कचेरीत होती, दिराशी भांडली होती, मेलेल्या नवऱ्याची चप्पल उन्हातून सावलीत सरकवून ठेवली होती. मी त्यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. माझ्या वहीत ती तीन मिनिटांची होती.

वहिनी डोळे पुसत म्हणाली, “पुरणपोळी कोण करणार?” मला आठवत होतं ते पोस्टाचं काउंटर, रजिस्टर पाकिटावर बाईंचं वळणदार अक्षर.

पुस्तकं तशीच भावाकडे टाकून मी मिळेल ती यष्टी पकडली. करंजीचा घाट उतरेपर्यंत मनात एकच गोष्ट चालली होती : शहरासाठी एक सिनेमा आणि खेड्यासाठी दुसरा काढतात की काय? गावात उतरले ती थेट तंबूवर. मालक दोऱ्या ताणत होता. शेवगावकडचा माणूस, शांत, तोंडात कायम सुपारी.

“मालक, मागच्या महिन्यातल्या त्या विहिरीच्या सिनेमात कचेरीचा प्रसंग होता का?”

“हाय की. सातव्या डब्यात. दोन रिळं असत्यात एका डब्यात.”

“मग आम्हाला दिसला नाही तो?”

“दाखवलाच न्हाई तर दिसंल कसा?”

“दाखवला नाही? का?”

मी जगातली सगळ्यात सोपी गोष्ट विचारल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. “मिरीची यष्टी.”

“काय?”

“मिरीची शेवटची यष्टी साडेनवाला हाय, ताई. अंधार पडल्याबिगर खेळ चालू व्हत न्हाई. पुरा सिनेमा लावला तर शेवटाच्या टायमाला निम्मा तंबू उठून पळतो, बाया पोरं घेऊन धडपडत्यात. एकदा एक म्हातारी पडली हुती. तवापासनं एक डबा कमी करतो. समदे टायमात घरी जात्यात.”

“ह्या एकाच सिनेमाचा?”

“समद्यांचा.”

मी बाकावर बसले. “समद्यांचा म्हणजे किती वर्षं?”

“चार वर्सं झाली की. पयल्या सालापासनं.”

“आणि कुठला डबा काढायचा हे कोण ठरवतं?”

“मीच. नगराहून पेटी आली की बघून घेतो.” आता त्याला जरा हुरूप आला. “आता बघा, गाणं काढलं तर शिट्ट्या. फायटिंग काढली तर खुर्च्या माझ्या अंगावं येत्यात. शेवट तर काढताच येत न्हाई. मंग राह्यलं काय? रडायचं. रडायचं काढलं तर कुणी इचारत न्हाई. चार वर्सांत इचारणाऱ्या तुमी पयल्याच.”

मी घरी आले आणि वही उघडली. चार वर्षांची पानं. आया, बहिणी, सवती, विधवा, थोरल्या जावा : तीन, चार, तीन, दोन. शेरे तर वाचवेनात. ‘आईचं पात्र मध्येच नाहीसं होतं.’ ‘बहिणीचा राग अचानक मावळतो, पटत नाही.’ एका दिग्दर्शकाला मी आठ गुण दिले होते, ‘मृत्यूचा प्रसंग न दाखवण्याचा संयम’ म्हणून. तो संयम मिरीच्या यष्टीचा होता. आणि ती नऊ गुणांची परिचारिका? तिच्या सिनेमातला कुठला डबा काढला होता कुणास ठाऊक. तिच्या कामाचा नसणार, तिचं सगळं काम हसतमुख होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट पानाच्या वरच्या बाजूला माझ्याच अक्षरात होती. रिळांची संख्या, लांबी. दर वेळी बॅटरी धरून टिपलेली. लांबीवरून मिनिटं काढायची आणि खेळ सुटल्यावर एकदा घड्याळ बघायचं, एवढंच करायचं होतं. चार वर्षं मी आकडा लिहीत होते आणि तो कशाचा आहे याचा विचार करत नव्हते.

फलकावरचा कागद मी रात्रीच्या आत काढून आणला. मग बाईंकडे गेले.

त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी उभी राहूनच सगळं सांगितलं, तंबूवाला, यष्टी, डबा, कचेरी. त्या निवडत राहिल्या. माझं संपल्यावर सूप बाजूला ठेवलं.

“पेपर अर्धाच तपासलास?”

“बाकीची पानं माझ्यापर्यंत आलीच नाहीत, बाई.”

“मग पेपरावर पुरवण्या किती जोडल्यात ते बघायचं नाही आधी?”

“तेही लिहिलेलं होतं माझ्याकडे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौथीत असताना त्या नजरेनं माझा भागाकार चुकायचा. “आणि त्यावर मी पास परत केले,” त्या हळू म्हणाल्या.

“उद्या गुरुवार. नगरला तो सिनेमा उद्याच शेवटचा आहे, शुक्रवारी बदलतो. सकाळी नऊची यष्टी. बाई, तुम्ही स्वतः बघा. माझं काही ऐकू नका.”

“मी थिएटरात गेलेली नाही कधी.”

“मी शेजारी बसेन.”

त्यांनी सूप उचलून आत ठेवलं. मग म्हणाल्या, “डबा घेऊ बरोबर. बाहेरचं मला चालत नाही.”

थिएटरात त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, पर्यवेक्षक वर्गात बसतात तशा. लेक पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा म्हणाल्या, “वाळलीय.” भाकरीच्या प्रसंगाला म्हणाल्या, “भाकरी येत नाही तिला, बघ, कड फाटली.” विहिरीच्या गाण्यात चष्मा पुसून घेतला. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बोलले नाही.

मग व्हरांडा आला.

दार उघडलं, ती अर्धी उठली, बसली. दुसऱ्या वेळी बाईंचा हात माझ्या मनगटावर आला. तो त्यांनी पाराचा प्रसंग येईपर्यंत काढला नाही. नखं रुतली होती. मी वळून पाहिलं तर त्यांचं तोंड उघडं होतं, आणि बाईंचं तोंड असं विसरल्यासारखं उघडं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर उन्हात आल्यावर त्या रसवंतीच्या सावलीला थांबल्या.

“तुझ्या चौथीनंतर मला राजूरला धाडलं होतं, तिकडे डोंगरात, तेव्हा,” त्या म्हणाल्या. “हे गेले आणि मला बदली हवी होती पुन्हा इकडे, माणसांत. नगरच्या कचेरीत खेटे घातले. तीन-तीन तास बसायचे. पोरगी सहा वर्षांची. तिला कुठे ठेवणार? बाकावर माझ्या मांडीवर डोकं घालून झोपायची.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “दार उघडलं की मी उठायचे, तिचं डोकं धरून, म्हणून अर्धीच. ती जागी होऊ नये म्हणून. ती झोपलेली असायची. मला वाटायचं, झोपलेली आहे.”

रसवाल्यानं विचारलं, किती ग्लास. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे चालायला लागलो.

“हे मी कुणाला सांगितलं नव्हतं,” बाई चालता चालता म्हणाल्या. “तिलाही नाही. इथं फोन कुठून करतात?”

एस.टी. स्टँडसमोर एस.टी.डी.चा बूथ होता. लेकीचा नंबर पत्राच्या डोक्यावर होता, घरमालकांचा. पत्र बाईंच्या पिशवीत होतं. पास परत केले होते, पत्र नव्हतं केलं. मी नंबर लावून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि काचेबाहेर उभी राहिले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे ऐकू येत होतं.

“मी बोलतेय... आई. ... हो, नगरहून. ... पास मी परत पाठवले, माझी चूक झाली. दुसरे मिळतील का? ... एकच पुरे. ... बघितला. आत्ताच. ... जागी होतीस तू?” समोरच्या मीटरचे लाल आकडे भराभर पुढे सरकत होते. “रडू नकोस. पत्ता नीट सांग, रविवारी कुठल्या स्टँडला उतरायचं? ... शिवाजीनगर. ... हे बघ, मीटर पळतंय, रडायचं ते मी आल्यावर रड.”

शुक्रवारी मी फलकावर नवा कागद लावला. सहायक अभिनेत्री, दुसरं नाव : नऊ. खाली लिहिलं, ‘आधीचे गुण अपुऱ्या पाहणीवर दिले होते. तंबूत पाहिलेल्या सर्व सिनेमांचे गुण रद्द.’ आप्पांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला.

“मार्क वाढीवले व्हय, ताई? आन् समदे रद्द म्हंजे?”

“म्हणजे तुम्ही आणि मी चार वर्षं अर्धे सिनेमे बघून भांडतोय, आप्पा.” मी त्यांना डब्याचं सांगितलं. ते टेबलाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “त्यो सासू-सुनेचा सिनेमा... सासू एकदम चांगली कशी वागाया लागली म्हणून मी तवाच म्हनलं हुतं!” आणि थोड्या वेळानं, आवाज खाली घेऊन, “बाई कवा जानार हाईत पुन्याला?”

“रविवारी पहाटेच्या गाडीनं.”

“स्टँडवर सोडतो म्हनावं. टेम्पो हाय.”

“ते तुम्हीच जाऊन सांगा.”

ते गेले. बाईंनी त्यांना ओसरीवर बसवून घेतलं, कोट्यातून नोकरी मिळालेल्या शिक्षिकेनं या गावची किती पोरं शिकवली ते त्यांच्याकडूनच मोजून घेतलं, त्यात आप्पांची तीन होती, आणि मग टेम्पो नको, चालत जाते म्हणाल्या. हे आप्पांनीच मला सांगितलं.

बाई मंगळवारी परत आल्या आणि बुधवारी पुस्तक बदलायला आल्या. मी सोमवारचं वर्तमानपत्र आधीच वाचलं होतं. सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार पहिल्या नामांकनाला गेला होता, खाष्ट आत्येला. मला पुन्हा धक्का बसला होता, आणि या वेळी मी सिनेमा पुरा पाहिलेला होता.

“बाई, अन्याय झाला,” मी म्हणाले.

“मला नाही वाटत.” त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “तिथं तिघींच्या कामाचे तुकडे दाखवले पडद्यावर. त्या आत्येनं नुसतं ताट सरकवलं, आणि सगळं घर घाबरलं. मला ते काम जास्त आवडलं. आमचीचं दुसऱ्या नंबरचं.”

“हे तुम्ही तिला सांगितलंत?”

“सांगितलं की. विचारलं तिनं.”

“मग?”

“रुसली. खोलीवर जाईपर्यंत बोलली नाही.” बाईंनी कपाटाकडे जाऊन चष्मा लावला आणि पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवायला लागल्या. “मी पिठलं केलं. भाकरी तिलाच करायला लावली. तिसऱ्या भाकरीला जमली कड.”